ती जाणार आहे हे साहेबांना सांगू का?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार. मी जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कंपनीत क्यूसी लॅब, म्हणजे मालाची तपासणी, बघतो. वय ४१. बारावीनंतर हेल्पर म्हणून लागलो, लॅबमध्ये सॅम्पल कापण्यापासून सुरुवात केली, आज लॅब इन्चार्ज आहे. डिग्री नाही, इंग्रजी कामापुरतं. कंपनीने यंदा मेंटॉर-मेंटी असं काहीतरी काढलंय आणि माझ्याकडे एक ट्रेनी दिली. बीएस्सी केमिस्ट्री, यावल तालुक्यातली, घरी केळीची शेती. पोरगी हुशार आहे, एकदा सांगितलेलं परत सांगावं लागत नाही, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, सगळं मलाच बोलावं लागतं. मागे एकदा ती बोलली की सर मला सिपेटचा, म्हणजे प्लास्टिकचा, कोर्स करायचाय, कोणाला सांगू नका. आता प्लांट हेड दर आठवड्याला विचारतात, ती टिकणार ना, नाहीतर तिच्यावर वेळ कशाला घालवायचा. तिकडून तिचे वडील फोन करतात, सर तुम्हीच समजवा, जळगावातली नोकरी काय वाईट आहे, उद्या लग्न करायचंय. मी मधल्या मधे अडकलो. साहेबांना सांगू का? आणि खरं सांगतो, मला कोणी शिकवलं नाही, मी सगळं बघून बघून शिकलो, मी हिला काय देणार? माझं काय, माझं झालं आता. – लॅबवाला भाऊ"

भाऊ, साहेबांना सांगू नका.

पत्र वाचल्या वाचल्या हेच लिहावंसं वाटलं, बाकीचं नंतर. तिने तुम्हाला विश्वासाने सांगितलं, कोणाला सांगू नका हेही स्पष्ट बोलली, आणि ते तुम्ही केबिनमध्ये जाऊन सांगितलंत तर ती कोर्सला जाईल का नाही हे पुढचं पुढे, पण तुमच्याशी ती परत मनातलं काही बोलणार नाही हे मी आजच लिहून देते. आणि एमआयडीसीत गोष्ट किती वेळ झाकून राहते ते तुम्हाला मी काय सांगू, सकाळी केबिनमध्ये बोललेलं दुपारच्या डब्यापर्यंत डिस्पॅचच्या पोरांना माहीत असतं. मग काय होतं, इन्क्रिमेंटच्या वेळी "ही तर जाणारच आहे" म्हणून तिचा नंबर मागे पडतो, नवीन मशीनचं ट्रेनिंग दुसऱ्याला जातं, ऑडिटला दुसराच बसतो, आणि सहा-आठ महिन्यांनी ती खरंच जाते, कोर्सला नाही तर वैतागून शेजारच्या प्लॉटमधल्या कंपनीत. मग सगळे म्हणतात, बघा, म्हटलं होतं ना.

पण साहेबांशी खोटंही बोलू नका हं. "नाही नाही, ती कुठे जातेय" असं तर अजिबात नको, तुम्हाला तिथे रोज नोकरी करायचीय. पुढच्या वेळी त्यांनी विचारायची वाटच बघू नका, तुम्हीच जाऊन सांगा की साहेब, कंपनीने मला हिचा मेंटॉर केलंय, ती तिच्या पुढच्या विचारांबद्दल माझ्याशी जे बोलेल ते माझ्याजवळच राहील, नाहीतर ती बोलणारच नाही आणि मग ह्या प्रोग्रामला अर्थ नाही. कामाचं काय विचाराल ते सगळं सांगतो, कोणत्या टेस्ट एकटी करते, कुठे अजून कच्ची आहे, रात्रीचा डेटा बघून सकाळी निर्णय घेऊ शकते का, सगळं. राहणार का जाणार हे तिलाच विचारा. बस्स. साहेब दोन दिवस तोंड वाकडं करतील, करू द्या, तिसऱ्या दिवशी कुठलीतरी लाईन बंद पडेल आणि ते विसरतील.

त्यातही अपवाद आहेत आणि ते तिला आधीच सांगून टाका. कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी टेस्टचे आकडे बसल्या बसल्या भरत असेल, कोणी तिला त्रास देत असेल, तर तुम्ही गप्प बसणार नाही. शेवटच्या गोष्टीवरून आठवलं, २०१३ च्या पॉश कायद्याप्रमाणे (कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तुमच्याकडे त्या समितीवर कोण कोण आहे हे तिला माहितीये का? तुम्हाला तरी माहितीये का? एचआरला विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, आणि तिला विनाकारण सांगून ठेवा, गरज पडायच्या आधी.

आता साहेबांची बाजू. त्यांची काळजी काही खोटी नाही. आयएसआय मार्कचं लायसन्स चालवायचं तर बीआयएसला, म्हणजे तो मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोला, टेस्टिंग येणारा, शिकलेला माणूस लॅबमध्ये दाखवावा लागतो, आणि बीएस्सी केमिस्ट्रीवाली तुमच्याकडे तीच असेल तर ती गेल्यावर कागदावरही भोक पडतं. हे मी मान्य करते. पण "टिकणार का" हा प्रश्न उलटा फिरवून त्यांनाच विचारा, थोडं गोड बोलून, की साहेब, ट्रेनिंगचं वर्ष संपल्यावर तिच्यासाठी आपल्याकडे आहे काय? पद कोणतं, पगार साधारण किती, दोन वर्षांनी ती कुठे असेल? मी बरीच वर्षं कारखान्यांच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटला काढली आहेत आणि दहातल्या आठ ठिकाणी ह्याचं उत्तर "बघू" असं असतं. ज्या पोरीला पुढचं "बघू" आहे ती दुसरीकडे बघणारच की भो. साहेबांकडे खरंच काही उत्तर असेल तर ते त्यांनी तिला समोर बसवून सांगावं, तुमच्यामार्फत निरोप नको. तुम्ही स्वतः मात्र प्रमोशनचं, पगाराचं कसलंही वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही आणि ते मोडलं की शिव्या तुम्हाला.

मुळात इथे तुमच्या कंपनीचंच थोडं चुकलंय. इन्चार्ज आणि मेंटॉर एकच माणूस करायचा नसतो, मेंटॉर दुसऱ्या डिपार्टमेंटचा पाहिजे, म्हणजे माणूस "माझा बॉस मला नीट वागवत नाही" हेही बोलू शकतो. तुमच्याबद्दल तक्रार असेल तर ती कोणाकडे जाणार, तुमच्याकडेच? आता दिलंय तर दिलंय, निभवा. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. लॅबच्या टेबलावर तुम्ही इन्चार्ज, तिथे चूक झाली तर चूक म्हणा. तिच्या पुढच्या विचारांचं बोलणं आठवड्यातून एकदा अर्धा तास, कॅन्टीनला चहावर, सगळ्यांच्या समोर दिसेल असं बसून. बंद केबिन नको, रात्री दहाला व्हॉट्सॲप नको, तिच्याही सोयीसाठी आणि तुमच्याही. आणि तिची अजून एखाद-दोन माणसांशी ओळख करून द्या, प्रोडक्शनमधला जो शिकवायला कंजूषी करत नाही तो, आणि अकाउंट्स किंवा एचआरमध्ये कोणी जुन्या बाई असतील तर त्या. रूम, येणंजाणं, घरच्यांचं प्रेशर ह्या गोष्टी ती तुमच्याशी बोलणार नाही, त्यांच्याशी बोलेल.

बरं, "मी हिला काय देणार". हे वाक्य वाचून मला राग आला, खरं सांगते. तुम्ही पाईपचा कापलेला तुकडा हातात घेऊन, उजेडात धरून, नखाने खरवडून सांगू शकता की ह्यात काहीतरी गडबड आहे, हे कोणत्या डिग्रीत शिकवतात? अडचण दुसरीच आहे. तुम्हाला उत्तर इतक्या लवकर कळतं की तुम्ही ते लगेच सांगून टाकता, आणि मग तिच्याकडे करायला उरतं काय, रजिस्टर भरणं. "सगळं मलाच बोलावं लागतं" असं तुम्ही लिहिलंय ना, मला तर वाटतं सगळं तुम्हीच बोलता म्हणून ती बोलत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा रावेरकडच्या डीलरची तक्रार आली, ९० एमएमचा, सहा केजी प्रेशरचा पाईप शेतात चिरला, शेतकरी तापलाय, तुकडा लॅबमध्ये आलाय. आत्तापर्यंत तुम्ही काय करत असाल, तुकडा बघितला, दोन टेस्ट लावल्या, साहेबांना फोन, विषय संपला. ह्या वेळी तो तुकडा तिच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, ही केस तुझी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग विचारा की पहिलं काय बघशील आणि का. आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, मी बघितलंय, चांगले चांगले लोक चार सेकंदात फुटतात.

ती बहुतेक म्हणेल प्रेशर टेस्ट. चालेल, पण तुकडा चिरलेला आहे तर प्रेशर कशावर लावणार हे तिलाच कळू द्या. मग ती पाईपावरची छपाई वाचेल, बॅच, तारीख, शिफ्ट, त्या दिवसाचं रजिस्टर काढेल. तुकड्याची रिंग कापून मायक्रोमीटरने गोल फिरत जाडी घेईल, आणि एका बाजूला जाडी कमी आली तर डाय सेंटरिंगपर्यंत, म्हणजे पाईपाला आकार देणारा साचा मध्यावर आहे का इथपर्यंत, तिचं तीच पोचेल, त्यासाठी तिला प्रोडक्शनवाल्याशी जाऊन बोलावं लागेल, भांडावंही लागेल थोडं, भांडू द्या. जाडी सगळीकडे सारखी पण एकूणच कमी असेल तर हॉल-ऑफ (तयार पाईप ओढून घेणारं मशीन) जोरात पळवला होता का हे विचारेल. मिथिलीन क्लोराईडमध्ये बुडवल्यावर कडा पांढरी पडून फुलली तर मटेरियल नीट एकजीव झालं नव्हतं, म्हणजे तापमान किंवा स्क्रूकडे बघायचं. ओव्हनमध्ये १५० अंशाला ठेवून लांबी किती आखडते ते बघेल, शून्य अंशाला गार करून त्याच बॅचच्या दुसऱ्या पाईपावर वजन पाडून बघेल. आणि सगळं पास झालं तर? तर खरी मजा. मग तिला सर्व्हिसवाल्यासोबत शेतात पाठवा. चारीत पाईपाखाली दगड आहे का, लाईनला एअर व्हॉल्व बसवलाय का नुसती मोटर चालू-बंद करून धक्के देतात, पाईप दोन उन्हाळे बांधावर उघडा पडून मग गाडला का. हे शेतकऱ्याला नीट विचारता येणं हेही एक कौशल्य आहे, आणि केळीवाल्याची पोरगी आहे म्हटल्यावर ती तुमच्यापेक्षा बरं विचारेल, पैज लावते.

ह्या एका केसमध्ये ती आयएस ४९८५ मधल्या (पीव्हीसी पाईपचं भारतीय मानक) बऱ्याच टेस्ट "का करतात" हे शिकली, जे रोज सॅम्पल लावून वर्षभरात शिकली नसती. तुम्ही फक्त दोन ठिकाणी हात घालायचा. एक म्हणजे ती मिथिलीन क्लोराईड हाताळताना ग्लोव्हज आणि फ्यूम हूड, तिथे "बघू कशी करते" नाही चालत. दुसरं म्हणजे डीलरला जाणाऱ्या उत्तरात कंपनी फसेल असं काही असेल तर. बाकी तिचं हळू झालं, एक दिवस जास्त लागला, लागू द्या.

आणि रिपोर्टवर नाव तिचं. "तयार करणार" तिथे तिचं, "तपासणार" तिथे तुमचं. तुमच्याकडे काय होतं मला माहितीये, रिपोर्ट ट्रेनी लिहिते आणि वर सही एकट्या इन्चार्जची असते, त्यात कोणाची बदमाशी नसते, पद्धतच तशी पडलेली असते. पद्धत बदला. उद्या ती कुठेही गेली, किंवा इथेच वर गेली, तर "मी ही तक्रार शोधून काढली" हे बोलायला तिच्याकडे कागद असतो. तिला एक वही करायला सांगा, साधी शंभर पानी, तक्रार काय होती, मी काय केलं, काय बदललं, रिजेक्शन आधी किती आणि नंतर किती. बायोडेटात "क्यूसीचा अनुभव" असं सगळेच लिहितात, त्याला कोणी विचारत नाही. वहीतल्या चार ओळी लिहिल्या की समोरचा प्रश्न विचारायला लागतो. वहीत कंपनीचे गुपित फॉर्म्युले, स्टॅबिलायझर किती टाकतात वगैरे मात्र लिहायचं नाही, हे तिला कारण सांगून समजवा.

मीटिंगचं आता सोपं झालं. आदल्या दिवशी सांगा की उद्या रावेरची तक्रार तू मांडायचीस, दोन मिनिटं. मीटिंगमध्ये तुम्ही एवढंच बोला, "हे ह्यांनी केलंय, त्याच सांगतील." आणि साहेबांनी सवयीने तुमच्याकडे बघून प्रश्न विचारला तरी तुम्ही तिच्याकडे बघा. इंग्रजीचं टेन्शन तिला असेल, तुम्हालाही आहे, पण मला सांगा, तुमच्या मीटिंगमध्ये मराठी-हिंदी सोडून बोलतं कोण? मराठीत बोलू द्या की. इंग्रजी रिपोर्टपुरतं लागतं, जुने दहा चांगले रिपोर्ट तिला वाचायला द्या, त्याच त्याच तीस वाक्यांवर सगळं चालतं. आणि ती नसताना साहेबांच्या चहाला तिचं नाव घ्या, कामासकट घ्या. "पोरगी चांगली आहे" ह्याने काही होत नाही. "त्या तक्रारीत डायचा प्रॉब्लेम तिने पकडला" असं बोला. अशा ठिकाणी तिला प्रवेश नाही, तुम्हाला आहे. बारावीवाल्या लॅब इन्चार्जकडे एवढी एक गोष्ट आहे जी बाहेरचा कुठलाही मोठा ट्रेनर तिला देऊ शकत नाही.

आता सिपेट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्लास्टिक-पेट्रोकेमिकल्समधली ही केंद्र सरकारची संस्था, १९६८ ला मद्रासला सुरू झाली, महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर आणि चंद्रपूरला केंद्रं आहेत. बीएस्सीला केमिस्ट्री असलेल्यांसाठी प्लास्टिक प्रोसेसिंग आणि टेस्टिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा असतो, दोन वर्षांचा, प्रवेश परीक्षा देऊन. म्हणजे तुमच्या पोरीने काही हवेत उडी मारलेली नाही, ती ज्या कामात आहे त्याचंच पुढचं शिक्षण तिने बरोबर शोधलंय, तेही अजिंठ्याच्या घाटापलीकडे. कोणत्या सेंटरला यंदा कोणता कोर्स, फी किती, हॉस्टेल आहे का, हे यंदाच्या प्रवेशाच्या माहितीतूनच बघायचं, कोणाच्या तरी मित्राने सांगितलेल्या आकड्यावर जायचं नाही.

तुमचं काम "जा" किंवा "जाऊ नको" म्हणायचं नाही. तुमचं मत असेल, ती विचारेलही, आणि सांगा, पण शेवटी सांगा. आधी तिला विचारा की कोर्स करून तुला नेमकं काय करायचंय. लॅबमध्येच वर जायचंय, का प्रोसेसला, मशीनवर, का कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकचं मिश्रण करण्यात, नवीन काही बनवायचंय, का बाहेर फिरून टेक्निकल सर्व्हिस? आणि हळूच हेही बघा की तिला कोर्सला जायचंय का फक्त इथून निघायचंय, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याचदा माणसाला स्वतःलाच कळत नाही. रूमवर त्रास आहे, कोणी टोमणे मारतंय, काम तेच तेच होतंय, असं असेल तर कोर्स हा त्याच्यावरचा इलाज नाही. पण ती म्हणाली की मला हे का होतं ते मुळातून शिकायचंय, तर तिच्यासोबत बसून हिशोब मांडा. दोन वर्षं पगार नाही, फी, राहणं, कर्ज काढलं तर हप्ता, आणि नंतर साधारण कुठे आणि किती पगाराने लागतात हे तो कोर्स केलेल्या दोघा-तिघांना विचारून. असे लोक तुम्हाला माहीत असतीलच, जळगावात पाईप, ठिबक, चटई एवढं प्लास्टिक चालतं, कुठल्या ना कुठल्या कंपनीत सिपेटचा कोणीतरी असतोच. तुमच्या मटेरियल सप्लायरच्या टेक्निकलवाल्याला विचारा, त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. फोन तिने करायचा, नंबर तुम्ही मिळवून द्यायचा.

न जाता वाढायचे रस्तेही तिच्यासमोर ठेवा, प्रामाणिकपणे, तिला अडवायला म्हणून नको. आयएसओ ९००१ चा इंटर्नल ऑडिटर कोर्स दोन-तीन दिवसांचा असतो, कंपनी पाठवू शकते. कॅलिब्रेशन (मोजायची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणं) पूर्ण तिच्याकडे देता येतं. बीआयएसचे अधिकारी सॅम्पल घ्यायला येतात तेव्हा त्यांच्यासोबत तिला उभं करता येतं. वर्ष-दीड वर्ष हे करून मग कोर्सला गेली तर तिथे ती वर्गातली सगळ्यात तयार विद्यार्थिनी असेल, कारण बाकीच्यांनी पाईप काढणारं मशीन, एक्स्ट्रूडर, फोटोत बघितलेला असतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर पैसे जमत असतील तर तिने जावं, आणि फार उशीर न करता जावं, कारण घरून लग्नाचा विषय सुरू झालाच आहे आणि मग "नंतर" म्हणून ठेवलेलं राहूनच जातं. पण हे माझं मत, तिच्या घरातलं मला काय माहीत.

वडिलांचं बघू. आप्पा म्हणू त्यांना. आप्पांचा फोन आला की तुम्ही ना त्यांची बाजू घ्या ना तिची. "आप्पा, ती काम चांगलं करते, साहेबांना तिचा रिपोर्ट आवडला, पुढचं तुम्ही तिच्याशीच बोला" एवढ्यावर थांबा. तिने सिपेटचं घरी अजून नीट सांगितलेलं नसेल तर तुमच्या तोंडून तर अजिबात नको निघायला. ती म्हणाली की सर तुम्ही बोला ना घरी, तर तिच्यासमोर, तिला बाजूला बसवून बोला, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती घरी जाईल तेव्हा तिने आधी विषय काढलेला असू द्या. आप्पांना समजवायला फार मोठं भाषण नको. केळीवाले आहेत ना, विचारा की बागेतल्या साध्या कंदाऐवजी टिश्यूचं रोप का लावता, महाग पडतं तरी. ते स्वतःच सांगतील की आधी पैसा जातो पण बाग एकसारखी येते, लवकर काढणीला येते. मग म्हणा, तेच चाललंय आप्पा हिचं. एवढं बोलून चहा प्या. आप्पांचा नकार राहिला तरी त्यांच्याशी वाद घालायचा नाही, तो त्यांच्या घरातला विषय आहे, तुम्ही तिचे काका नाही आहात.

आता एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीये, "माझं काय, माझं झालं". ४१ व्या वर्षी काय झालं भाऊ? अजून सतरा-अठरा वर्षं नोकरी आहे. मला तर असं दिसतंय की लॅब पूर्ण तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहे, म्हणून साहेब तुम्हाला लॅबमधून कधी हलवणारच नाहीत, हलवलं तर लॅब बसेल ना. क्वालिटी मॅनेजर व्हायचं, डीलर-शेतकऱ्यांच्या तक्रारी पूर्ण बघायच्या, दुसऱ्या युनिटला जायचं, ह्यातलं काहीही करायचं तर तुमच्या जागेवर उभं राहणारं कोणीतरी तयार पाहिजे. ती तयार झाली आणि दोन वर्षांनी गेली तरी लॅबचं काम कागदावर आलेलं असेल, पुढची ट्रेनी त्यावरून निम्म्या वेळात शिकेल. "मला कोणी शिकवलं नाही" हे मनात कुठेतरी खुपतंय हे कळतंय मला, आणि ते खुपणं बरोबर आहे, ज्यांनी तुम्हाला शिकवलं नाही ते चुकीचेच होते. पण त्याचं बिल ह्या पोरीच्या नावाने फाडू नका. साहेबांशी बोलाल तेव्हा स्वतःचंही बोला, त्या इंटर्नल ऑडिटर कोर्सला दोन नावं पाठवा म्हणा, एक तिचं, एक तुमचं. बारावीवाल्याला घेतात का हे ट्रेनिंगवाल्याला फोन करून विचारून घ्या, अनुभव बघून बऱ्याच ठिकाणी घेतात.

हे सगळं मार्च संपायच्या आत करा. एप्रिल-मेमध्ये शेतं रिकामी होतात, पाईपलाईनचं काम निघतं, तुमची लाईन चोवीस तास चालू असते, तेव्हा साहेबांना ऐकायला वेळ नसतो आणि तुमचा आठवड्याचा अर्धा तासही पहिला तोच कापला जातो. कापला गेला तर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं तरी ठेवा, पण तारीख ठरवून. आणि सिपेटच्या प्रवेशाचे फॉर्म साधारण त्याच सुमारास भरायचे असतात, तर ती तारीख तिने आजच बघून कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा, मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर ते तहसीलमधून काढायला वेळ जातो, अर्ज आत्ताच टाकून ठेवायचा.